घरचा लेप चेहऱ्यावर लावण्याआधी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

लेप लावून चेहरा लाल झाला की दोष एखाद्या जिनसावर जातो. हळद उलटली, बेसन सोसलं नाही, माती खराब निघाली. जरा खोदून विचारलं की वेगळंच कळतं: लेप तडे जाईपर्यंत वाळू दिला होता, दोन दिवसांपूर्वी ब्लीच झालं होतं, पीठ चाळलंच नव्हतं, नाहीतर पाच नव्या वस्तू एकाच दिवशी चेहऱ्यावर गेल्या होत्या. कृती सगळ्यांकडे असतात, घोळ होतो तो क्रमात. म्हणून इथे कृती एकच दिली आहे, मसूर डाळ आणि मुलतानी मातीच्या साध्या लेपाची, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी करायची ते सविस्तर सांगितलं आहे.

आधी अपेक्षा नीट ठेवा. या लेपाने वरचा तेलकटपणा निघतो, मृत त्वचेचा पातळ थर सुटतो, काही तास चेहरा मऊ आणि ताजा वाटतो. वांग जात नाही, मुरमांचे खड्डे भरत नाहीत आणि रंग उजळत नाही. वांगावर तर चोळणं मुळीच नको, घर्षणाने तो अधिक गडद होतो.

१. आज लेप लावायचा का, हे ठरवा

डबा उघडण्याआधी आरशासमोर उजेडात उभं राहा आणि चेहरा नीट पाहा. पुढच्यापैकी काहीही असेल तर लेप पुढे ढकला:

- फुटलेलं मुरूम, ओरखडा, कापलेलं, चिघळलेलं काहीही. माती ही शेवटी जमिनीतली वस्तू आहे. मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात, त्यामुळे उघड्या जखमेवर ती कधीच लावायची नाही.
- ओठाजवळ नागीणीसारखे पाणी भरलेले बारीक फोड.
- उन्हाने भाजलेली, सोलवटणारी त्वचा.
- गेल्या तीन-चार दिवसांत थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच किंवा पार्लरमधलं फेशियल.
- मुरमांसाठी ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम सुरू असणं. या औषधांनी त्वचा आधीच नाजूक झालेली असते. लेप लावायचाच असेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

आणखी एक गोष्ट अनेकींच्या लक्षात येत नाही. साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरत असेल, उन्हात दोन मिनिटांत लाल होत असेल आणि मागे महिनोन् महिने एखादी ‘गोरेपणाची’ ट्यूब लावलेली असेल, तर त्या ट्यूबवरचे घटक वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. अशा चेहऱ्यावर घरगुती काहीही लावू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

तान्ह्या बाळांनाही हे लेप नकोत. डाळीच्या पिठाने बाळाची लव काढायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, पण बाळाची त्वचा पातळ असते, घासून ती सोलवटते आणि लव वयानुसार आपोआप जातेच. बाळाला इसब असेल तर धोका आणखी वाढतो, कारण फुटलेल्या त्वचेवरून अन्नपदार्थ लागत राहिले तर पुढे त्याच पदार्थाची अ‍ॅलर्जी जडू शकते.

> थांबा: लग्न, साखरपुडा, दिवाळी अशा दिवसाच्या आदल्या पंधरवड्यात नवा लेप सुरू करू नका. घरात हळदीचा कार्यक्रम असेल तर नवरा-नवरीने ब्लीच आणि वॅक्सिंग निदान चार-पाच दिवस आधी उरकावं. आदल्या दिवशी सोललेल्या चेहऱ्यावर दुसऱ्या दिवशी हळद पडते आणि लग्नाच्या फोटोंत गाल सुजलेले दिसतात, हे दर लगीनसराईत घडतं.

२. जिनसा घेताना

एका डब्यासाठी: मसूर डाळ १ वाटी, तांदूळ पाव वाटी, मुलतानी माती अर्धी वाटी, आंबेहळदीची पूड १ छोटा चमचा. त्वचा कोरडी असेल तर माती पूर्ण वगळा आणि तिच्या जागी तेवढेच साधे ओट्स घ्या, फळं किंवा मसाला घातलेले नकोत.

*माती.* पुडीपेक्षा खडे घ्या. खड्याचा तुकडा पाण्यात टाकला की तो हळूहळू फुलून विरघळतो आणि तळाशी वाळू उरते का ते लगेच दिसतं. डब्यावर ठळक ‘खायचं नाही’ असं लिहून तो स्वयंपाकघराबाहेर ठेवा. गरोदरपणात माती खायची इच्छा होणाऱ्या बायका असतात, आणि अशा मातीत शिसं असू शकतं.

*हळद.* सुटी पूड नको. हळकुंडं किंवा आंबेहळदीचे वाळलेले तुकडे काष्ठौषधींच्या दुकानातून आणून घरी कुटा. पूडच मिळाली तर पेलाभर पाण्यावर चमचाभर भुरभुरा आणि ढवळू नका. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेल्या पुडीने ते गडद पिवळं होतं. मात्र या चाचणीत पाण्यात सुटणारे रंगच कळतात. भेसळीत वापरलं जाणारं लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला पिवळा रंग, पाण्यात विरघळत नाही. म्हणून बाहेरून रंग दिल्यासारखी पिवळीजर्द दिसणारी हळकुंडंही घेऊ नका.

*चंदन.* पूड म्हणून जे विकतात त्यात चंदन किती आणि सुगंध लावलेला दुसरा भुसा किती, हे घरी ओळखता येत नाही. घरात खोड आणि सहाण असेल तर उगाळून घ्या. नसेल तर चंदन सोडून द्या, लेपाचं काही अडत नाही.

*गुलाबपाणी.* बाटलीवर नुसतं ‘गुलाबाचा सुगंध’ असेल तर ते चेहऱ्यासाठी नाही. उकळून गार केलेलं पाणी त्यापेक्षा बरं.

*बावची.* तयार उटण्यात किंवा वनस्पतींच्या मिश्र पुडीत बावची आहे का, हे दुकानदाराला विचाराच. बावचीत सोरालेन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. कोडावरच्या उपचारात सोरालेन आणि प्रकाश मुद्दाम एकत्र वापरतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजून. चेहऱ्याच्या लेपात बावचीचं काहीही काम नाही.

चेहऱ्यावर कशातही मिसळून लावू नयेत अशा वस्तू:

- लिंबाचा रस. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास असतो, लिंबाचा २ ते २.५. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असे घटक असतात की ते त्वचेवर राहून ऊन लागलं तर काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. डाग घालवायला लिंबू लावणाऱ्यांना नवे डाग मिळतात ते असे.
- खायचा सोडा. हा दुसऱ्या टोकाचा. त्वचेचा आम्लधर्मी थर बिघडवतो. लिंबू आणि सोडा एकत्र केला की फसफसतं, म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं, एवढंच.
- लसूण, दालचिनी, मोहरी. हे खरोखर भाजतात. कच्च्या लसणाने फोड आलेले पाहायला मिळतात.
- टूथपेस्ट, कापूर, पुदिन्याचा अर्क. गार वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.
- कच्चं अंडं. तोंडाजवळ जातं आणि त्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.
- साखर, रवा, अक्रोडाच्या टरफलाची पूड. यांच्या टोकदार कणांनी चेहऱ्यावर न दिसणारे ओरखडे उठतात.

पपई आणि केळं बऱ्याच जणींना चालतं. पण रबरी हातमोजे किंवा फुगे लागले की ज्यांना खाज सुटते त्यांनी ही दोन्ही फळं टाळावीत, कारण रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती अनेकदा बाधतात. कच्च्या पपईचा चीक तर कुणीच लावू नये.

३. वाळवणं, दळणं, वस्त्रगाळ करणं

सगळ्यात जास्त कंटाळा याच पायरीचा केला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथूनच होतं.

डाळ आणि तांदूळ दोन पाण्यांतून धुवा. चाळणीत निथळून सुती कापडावर एक थर पसरा आणि पंख्याखाली सुकवा. त्यानंतर कढईत अगदी मंद आचेवर, रंग न बदलता, फक्त ओल जाईपर्यंत परता. डाळीचा एक दाणा दाताखाली घेऊन पाहा: कट्टकन तुटला तर झाली, दबला तर अजून ओल आहे. ओल राहिलेल्या डाळीचं पीठ सादळतं, त्याला कुबट वास येतो आणि पावसाळ्यात त्यात जाळी धरते.

पूर्ण गार झाल्यावरच दळा. मिक्सर सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा, नाहीतर भांडं तापतं आणि आत वाफ धरते. मातीचे खडे आधी खलबत्त्यात फोडा आणि तिचं दळण वेगळं ठेवा. दळून झाल्यावर झाकण लगेच उघडू नका, धुरळा खाली बसू द्या. माती दळताना आणि चाळताना नाकातोंडाला ओढणी किंवा मास्क बांधा. ही धूळ फुप्फुसांत जाणं चांगलं नाही, घरात दमेकरी असेल तर खिडकीशी बसूनच हे काम करा.

आता वस्त्रगाळ. नेहमीच्या पिठाच्या चाळणीवर थांबू नका. जुन्या, धुतलेल्या मलमलीचा तुकडा पातेल्याच्या तोंडावर थोडा सैल बांधा. त्यावर दोन-दोन चमचे पूड घालून बोटांनी हलकेच फिरवा. खाली पडेल ती चेहऱ्याची. वर राहील ती भरड पुन्हा दळा, आणि तरीही उरली तर टाचा-कोपरांना वापरा.

> तपासा: चिमूटभर पूड ओल्या मनगटाच्या आतल्या बाजूला गोल फिरवा. पिठासारखी गुळगुळीत लागली पाहिजे. एक कण जरी टोचला तरी पुन्हा गाळा. तळहातावर ही तपासणी करू नका, तिथली त्वचा जाड असते आणि काहीच कळत नाही.

हळद सगळ्यात शेवटी, गाळूनच मिसळा.

४. चाचणी

‘आमच्या आजीने आयुष्यभर लावलं’ ही चाचणी होत नाही. हळदीचीही अ‍ॅलर्जी असते, आणि काल चालत असलेल्या वस्तूची आजपासून अ‍ॅलर्जी सुरू होऊ शकते.

पहिल्यांदा वापरताना प्रत्येक जिन्नस वेगवेगळा तपासा. पाण्यात कालवून एक रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीपाशी लावा. जितका वेळ चेहऱ्यावर ठेवणार तितकाच, म्हणजे दहा मिनिटं ठेवून धुवा. पट्टी बांधून झाकू नका, झाकल्यावर साधा पदार्थही जास्त झोंबतो. मग निदान ४८ तास वाट पाहा. जळजळ लगेच होते, पण खरी अ‍ॅलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. सकाळी लावून संध्याकाळी ‘काही झालं नाही’ म्हणणं हीच इथली नेहमीची चूक.

हातावर निभावलं की तयार मिश्रणाचा ठिपका कानाच्या खाली, जबड्याच्या कडेला लावा आणि पुन्हा दोन दिवस थांबा. त्वचा नाजूक असेल तर हाताच्या त्याच जागेवर आठवडाभर रोज लावून पाहा.

> थांबा: लालसर ठिपका, खाज, बारीक पुरळ, जागा फुगणं, यांतलं काहीही दिसलं तर तो जिन्नस तुमच्यासाठी संपला. ‘थोडा कमी घालून बघू’ नको.

५. कालवणं

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. काचेची किंवा स्टीलची वाटी घ्या. दही घालणार असाल तर कल्हई नसलेलं पितळी किंवा तांब्याचं भांडं नको, त्यात दही कळकतं.

एका वेळेला दोन छोटे चमचे पूड पुरते. तेलकट त्वचेला पाणी किंवा दही, कोरड्या त्वचेला दूध किंवा साय. दही ताजं, मीठ-साखर नसलेलं आणि आंबट न झालेलं हवं. ज्यांना खोबरेल तेलाने मुरमं येतात त्यांनी लेपात ते घालू नये.

कोरफड वापरायची असेल तर तिला एक पायरी जास्त आहे. पान कापल्यावर कापलेलं टोक खाली करून वाटीत दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळसर, कडवट चीक निथळून येईल. तो फेका, पान धुवा, काटेरी कडा काढा, हिरवी साल सोला आणि आतला पारदर्शक गर पुन्हा एकदा पाण्याने धुवून घ्या. ‘मला कोरफडच सोसत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणींना खरं तर तो चीक लागलेला असतो.

कालवलं की लगेच लावू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा. माती आणि डाळ पाणी पितात, मिश्रण घट्ट होतं. मग थोडं पाणी घालून पुन्हा सारखं करा: धिरड्याच्या पिठापेक्षा किंचित घट्ट, बोटावरून न ओघळणारं. ही दहा मिनिटं वाचवली तर लेप चेहऱ्यावर भराभर वाळतो आणि ओढ बसते.

६. लावणं आणि उतरवणं

१. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, केस बांधा.

२. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा आणि ओलसरच ठेवा. आधी स्क्रब नको, वाफ नको.

३. डोळ्याभोवतीचं हाड बोटाने चाचपा. त्या हाडाच्या आत लेप जाणार नाही. ओठ आणि नाकपुड्यांच्या कडाही सोडा.

४. पातळ, सारखा थर लावा. जाड थराने फायदा वाढत नाही, फक्त धुणं अवघड होतं.

५. पंखा बंद करा. घड्याळ लावा: मातीचा लेप ८ ते १० मिनिटं, ओट्सचा १५ पर्यंत. कडा फिक्या पडू लागल्या आणि मध्ये अजून ओल आहे, हीच उतरवायची वेळ. सुकतोय असं वाटलं तर ओल्या बोटांनी टिपा.

६. मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून मिनिटभर चेहऱ्यावर नुसतं ठेवा. लेप सुटला की वरून खाली टिपून घ्या, मग भरपूर पाण्याने धुवा. भुवया, केसांची कड आणि जबड्याखाली लेप राहून जातो, तिथे आरशात पाहा.

उटण्यासारखा वाळलेला लेप चोळून मळ काढायची सवय हातापायांपुरती ठेवा, चेहऱ्याला ती सोसत नाही.

लावल्या लावल्या किंचित चुरचुरून मिनिटभरात थांबलं तर ठीक. वाढत गेलं, टोचू लागलं, गरम वाटू लागलं, तर घड्याळाकडे न पाहता धुवा. ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ हा समज सगळ्यात घातक आहे. त्वचा त्या वेळी थांबा म्हणत असते.

डोळ्यात लेप गेला तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा उघडा धरा.

धुतल्यावर टॉवेलने टिपून, त्वचा ओलसर असतानाच साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावा. शक्यतो लेप संध्याकाळी लावा. दिवसा लावला तर बाहेर पडण्यापूर्वी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन हवंच. त्या रात्री कुठलंही आम्ल किंवा रेटिनॉल असलेलं सीरम नको.

तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, कोरडीला पंधरा दिवसांतून एकदा. रोज लावणाऱ्यांचा चेहरा आधी कोरडा पडतो, मग ओढ बसते, मग लाल होतो.

७. साठवण

कालवलेला लेप उरला तर टाकून द्या. फ्रीजमध्येही ठेवू नका. ओल्या डाळीच्या पिठात आणि दह्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही आणि यात टिकवणारं काहीही घातलेलं नाही.

कोरडी पूड काचेच्या, पूर्ण वाळलेल्या बरणीत ठेवा. बरणीवर जिनसांची नावं आणि दळल्याची तारीख लिहा. चमचा नेहमी कोरडा हवा, ओली बोटं आत घालायची नाहीत. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळाभर पुरेल एवढं एकदम करू नका, महिनाभराचंच दळा. गुठळ्या, कुबट वास, जाळी किंवा पोरकिडे दिसले की सगळी पूड फेका. उन्हात घालून ‘सुधारलेली’ पूड चेहऱ्याची नाही.

८. उलटलाच तर

गार पाण्याने पाच-दहा मिनिटं धुवा, साबण नको. त्यानंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, बस्स. बर्फ थेट लावू नका. त्याच्यावर उतारा म्हणून दही, चंदन, दुसरा लेप असं काही नको. घरात पडलेलं खाजेचं मलम तर मुळीच नको, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन-तीन दिवस फक्त पाणी, मॉइश्चरायझर आणि सावली.

ओठ किंवा पापण्या सुजल्या, आवाज बसला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या तर वेळ घालवू नका: १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. फोड आले, पू दिसला, लाली दोन दिवसांत उतरली नाही किंवा डोळ्याला त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना पुडीची बरणी सोबत न्या, पहिल्या दिवशीचा फोटो ठेवा आणि चेहऱ्यावर आठवडाभरात काय काय लागलं ते सगळं सांगा, पार्लर आणि ट्यूबसकट. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पाठीवर पट्ट्या लावून तपासता येतं, आणि ती नावं कळल्यावर बरणीतला कुठला जिन्नस वगळायचा ते नक्की सांगता येतं.